दारातलं फुलांचं झाड कधी अन् कसं छाटायचं, सोलापूरच्या हवेत

फेब्रुवारी संपत आला की जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड, कुठल्याही कॉलनीत जा, कुणी ना कुणी दारातलं झाड छाटून घेत असतं. कारणं ठरलेली असतात, पाला लई पडतोय, वायरला लागतंय, गाडीवर कचरा पडतोय. कोयता-कुऱ्हाड चालते अन् अर्ध्या तासात झाडाचा खांब होतो. मग मे महिन्यात त्याच घरातले विचारतात की यंदा बहावा का फुलला नाही. ज्या काड्यांवर फुलांचे घोस यायचे त्या काड्याच कापल्या गेल्या, म्हणून फुलला नाही, दुसरं काही कारण नसतं.

ज्यांनी नवीन घर घेतलंय, दारात एखादं गुलमोहर, बहावा, चाफा, ताम्हण, कांचन किंवा पारिजातक आहे अन् पहिल्यांदाच हातात कात्री घ्यायचीय त्यांच्यासाठी हे सगळं लिहितेय. माझं सांगणं एकच आहे, तुमचं झाड जुन्या काडीवर फुलतं का नव्या फुटीवर फुलतं हे आधी बघा, छाटणीचा महिना त्यावरून ठरतो. बाकी कापायची पद्धत वगैरे हाताला सवयीने येते, पण महिना चुकला की वर्षभराचा फुलोरा जातो.

हे आपल्या भागातल्या लोकांना खरं तर नवीन नाही. नान्नजकडचे द्राक्षवाले बघा, एप्रिलमध्ये खरड छाटणी करतात ती काडी तयार व्हायला, अन् ऑक्टोबरला गोडी छाटणी करतात ती फळाला, अन् ऑक्टोबरच्या आधी काडी परीक्षण करून कुठल्या डोळ्यात, म्हणजे काडीवरच्या कोंबाच्या कळीत, घड आहे ते तपासून मगच कात्री लावतात. डाळिंबवाले पण बहार कुठला धरायचा, म्हणजे कुठल्या हंगामाचं फूल-फळ घ्यायचं, हे ठरवल्याशिवाय झाडाला हात लावत नाहीत. एवढी अक्कल आपल्या जिल्ह्यात शेतात वापरली जाते, मग अंगणातल्या झाडाने काय घोडं मारलंय.

आधी वर्षभर नुसतं बघा

घर नवीन असेल अन् झाड कुठलं हेच माहीत नसेल तर एक वर्ष वाळलेल्या फांद्या सोडून काहीच कापू नका. मोबाईलमध्ये दर महिन्याला एक फोटो काढून ठेवा, पानं कधी गळली, फूल कधी आलं, अन् फूल कुठं आलं, हिरव्या कोवळ्या शेंड्याच्या टोकाला की मागच्या वर्षीच्या भुरकट, कडक झालेल्या काडीवर. एवढ्यावर निम्मं काम होतं.

ढोबळ नियम असा की जे झाड जुन्या काडीवर फुलतं ते फुलं संपल्यावर छाटायचं, म्हणजे पुढच्या फुलोऱ्यासाठी नवी काडी वाढून पिकायला त्याला जवळपास वर्ष मिळतं. जे नव्या फुटीच्या टोकाला फुलतं ते फूट यायच्या आधी छाटायचं, म्हणजे आपल्याकडे संक्रांतीनंतर ते फेब्रुवारी संपेपर्यंत. सिद्धेश्वराची संक्रांतीची गड्ड्याची यात्रा उठली की कात्रीला धार लावायची, असं डोक्यात ठेवलं तर विसरत नाही.

पण आपल्याकडे यात एक भानगड आहे अन् ती ऊन आहे. एप्रिल-मे मध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो, त्या दिवसात आतली फांदी उघडी पडली तर तिची साल भाजते, तडकते, अन् मग त्या भेगेतून कीड शिरते. त्यामुळे मार्चच्या मध्यापासून पहिला चांगला पाऊस पडेपर्यंत हिरवी फांदी कापायची नाही, फुलं संपली असली तरी थांबायचं. अन् पुस्तकात लिहिलेलं असतं की पावसाळ्यात छाटू नका बुरशी लागते, ते कोकणाला पूर्ण लागू आहे, आपल्याला तेवढं नाही, कारण जून-जुलैत आपल्याकडे एक सर आली की आठ-आठ दिवस उघडीप असते अन् खरा पाऊस सप्टेंबरात पडतो. म्हणून उशिरा फुलणाऱ्या जुन्या काडीच्या झाडांसाठी जूनचा शेवट ते जुलै, दोन-तीन कोरडे दिवस बघून, हा आपला चांगला काळ. सप्टेंबरात मात्र नको, हवा दमट असते, जखम ओलीच राहते.

यूट्यूबवर चेरी ब्लॉसमच्या छाटणीचे व्हिडिओ बघून बरेच जण विचारतात की ते उन्हाळ्यात कापतात मग आपण का नाही. इंग्लंडमध्ये चेरी उन्हाळ्यात छाटतात कारण तिकडे थंडीच्या ओल्या दिवसांत सिल्व्हर लीफ नावाची बुरशी ताज्या जखमेतून आत शिरते, उन्हाळ्यात हवा कोरडी असते म्हणून धोका कमी. त्यांचा उन्हाळा आपल्या डिसेंबरपेक्षा गार असतो. तेव्हा त्यांचं कारण समजून घ्या, महिना उचलू नका.

कुठलं झाड कधी

बहावा. मार्च-एप्रिलला पानं झडतात अन् मग पिवळी झुंबरं लटकतात. फूल जुन्या काडीवर, म्हणून जूनच्या पावसानंतर छाटायचा, अन् तेही हलकंच. बहाव्याला फार छाटणी लागतच नाही. वाळलेलं, घासणारं, रस्त्यावर डोक्याला लागणारं तेवढं काढा. त्या काळ्या लांब शेंगा कुणाला आवडत नाहीत, त्या हाताने किंवा आकडीने काढल्या तरी चालतात, त्यासाठी फांदी तोडायची गरज नाही.

ताम्हण म्हणजे आपलं राज्यफूल, महाराष्ट्र दिनाच्या आसपास जांभळं होतं. हे नव्या फुटीच्या टोकाला फुलतं त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत छाटलं तर फुलोरा वाढतो. काळी वाळलेली बोंडं जिथं जिथं दिसतात त्याच्या जरा खाली कापत गेलं तरी पुरे. नर्सरीत लॅगरस्ट्रोमिया म्हणून जे बुटकं झुडूप मिळतं, गुलाबी चुरगळलेल्या पाकळ्यांचं, ते त्याचंच भावंड, त्याला पण हाच महिना. ताम्हण मुळात ओलीतलं झाड आहे, आपल्या कोरड्या हवेत छाटल्यावर त्याला पाण्याची आठवण ठेवावी लागते.

कांचनाच्या बाबतीत सगळ्यात जास्त घोळ होतो कारण दोन प्रकार दिसायला सारखेच. एक फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान जवळपास बिनपानाचा फुलतो, तो जुन्या काडीचा, त्याला फेब्रुवारीत कात्री लावली की संपलं, तो जूनच्या पावसानंतर. दुसरा पावसाळा संपता संपता ते डिसेंबरपर्यंत भरल्या पानात फुलतो, तो नव्या फुटीवर, त्याला जानेवारीअखेर कापलं तर उत्तम. शेजारच्यांनी त्यांचा कधी छाटला हे बघून आपला छाटू नका, दोघांचा कांचन वेगळा असू शकतो.

पारिजातक पावसाळ्यात फुटलेल्या काड्यांवर साधारण ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत फुलतो. याला फेब्रुवारीत बऱ्यापैकी कडक छाटलं तरी चालतं, उलट न छाटलेला पारिजातक लांबट, किडमिडीत होतो अन् फुलं पार वर गच्चीच्या उंचीला जातात. फांद्या तिसरा हिस्सा कमी केल्या की खालून दाट येतो. एवढं सहन करणारी झाडं कमीच आहेत.

टॅबेबुया, तो गुलाबी किंवा पिवळा, फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गाळून फुलतो, त्याला पण फुलं झाल्यावर पाऊस पडेपर्यंत थांबून हलका हात.

आता चाफा, देवाला वाहतो तो पांढरा-पिवळा, लाल, गुलाबी. चाफ्याचं गणित समजलं की मजा येते. त्याचा फुलोरा फांदीच्या अगदी टोकाला येतो. फुलून झाला की त्या टोकाखालून दोन-तीन नवीन फांद्या फुटतात, अन् तुम्ही टोक कापलं तरी तसंच होतं. म्हणजे छाटणीने चाफा दाट होतो, पण कापलेल्या फांदीचं त्या हंगामातलं फूल गेलं किंवा उशिरा आलं असं समजा. म्हणून सगळी टोकं एकाच वर्षी कापायची नाहीत, यंदा काही, पुढच्या वर्षी काही. थंडीत तो पानं गाळून गप्प उभा असतो तेव्हा, जानेवारी-फेब्रुवारीत कापा, चीक पण कमी येतो. चीक कातडीला झोंबतो, डोळ्यात गेला तर लई त्रास, हातमोजे अन् चष्मा घाला, लहान पोरांना लांब ठेवा. कापलेल्या फांद्या फेकू नका हां, फूट-दीड फुटाचे तुकडे करून सावलीत आठ-पंधरा दिवस नुसते पडू द्या, कापलेली बाजू वाळून कडक झाली की कुंडीत लावा, पाणी अगदी बेताने. ओली फांदी लगेच लावली की ती खालून सडते.

गुलमोहर मी शेवटी ठेवला कारण तो फुलांसाठी छाटायचं झाडच नाही, तो वादळासाठी छाटायचं झाड आहे. लाकूड ठिसूळ, मुळं वरवर पसरणारी, अन् छत्री मोठी. मे महिन्यात वळवाचा वारा सुटला की पेपरात फोटो येतात, गुलमोहर रिक्षावर पडला, गाडीवर पडला. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत वाळलेल्या फांद्या, तडा गेलेल्या फांद्या अन् एकाच बाजूला जड झालेली छत्री हलकी करून घ्यायची, थोडी फुलं कमी आली तरी चालतील. झाड लहान असतानाच त्याचं एकच सरळ खोड धरलं अन् दुबेळकी फांदीतली एक काढली तर पुढचे निम्मे प्रश्न येतच नाहीत. मोठ्या गुलमोहराची मांडीएवढी फांदी कापली की जखम भरत नाही, आत सड लागते अन् चार-पाच वर्षांनी तोच भाग पोकळ होतो. तेव्हा मोठी फांदी कापावी लागेल अशी वेळच येऊ द्यायची नाही.

हत्यारं

फार काही लागत नाही. बोटाएवढ्या काडीपर्यंत सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, तोच द्राक्षाचा, बाजारात कुठल्याही शेतीच्या दुकानात मिळतो. त्याहून जाड असेल तर घडीची करवत. कोयता अन् कुऱ्हाड घरात ठेवा, कोयत्याने फांदी कापली जात नाही, फाटते, अन् फाटलेल्या सालीत पाणी साठतं. धार चांगली पाहिजे. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना पातं सर्जिकल स्पिरिटने पुसून घ्या, विशेषतः पहिल्या झाडावर काळे चट्टे किंवा डिंक गळताना दिसला असेल तर.

माळीमामांना बोलावणार असाल तर आधीच हात जोडून सांगा, मामा, शेंडे मारायचे नाहीत, मी दाखवते तेवढंच कापायचं. ते ऐकतात, फक्त सुरुवातीला उभं राहून दाखवावं लागतं, कारण बहुतेक लोकांनी त्यांना आजपर्यंत "बारीक करून टाका" एवढंच सांगितलेलं असतं.

कापायचं कसं

पहिल्यांदा झाडाभोवती एक चक्कर मारा अन् वर बघा. घरटं आहे का, शिंजीर हा चिमुकला पक्षी तर अगदी हाताच्या उंचीला लटकतं घरटं करतो अन् ते वाळक्या पाल्यासारखंच दिसतं. मधमाशांचं पोळं आहे का. असेल तर ती फांदी सोडा किंवा काम पुढं ढकला. वायर जवळून गेली असेल तर स्वतः अजिबात हात घालू नका, ओली फांदी अन् लोखंडी शिडी असली की जीव जायला वेळ लागत नाही, महावितरणला कळवा, ते लाईन बंद करून करतात.

मग क्रम असा. आधी वाळलेलं, मोडलेलं, रोगट. हे कुठल्याही महिन्यात काढलं तरी चालतं. वाळलं आहे का कळत नसेल तर नखाने साल खरवडा, आत हिरवं दिसलं तर जिवंत. त्यानंतर एकमेकांवर घासणाऱ्या फांद्या, दोन्हीतली जी कमजोर किंवा आतल्या बाजूला वळलेली ती काढायची. मग बुंध्यातून निघालेले फुटवे अन् फांद्यांवर सरळ वर गेलेले लुसलुशीत वॉटरशूट. आता लांब जाऊन उभं राहा, पाणी प्या, झाड बघा. बहुतेक वेळा इथंच काम झालेलं असतं. पुढं जायचंच असेल तर एका वर्षात झाडाच्या हिरव्या पसाऱ्याचा चौथा हिस्सा ही हद्द, पारिजातकासारखे दोन-चार अपवाद सोडून. पान म्हणजे त्याचं जेवण बनवायचं साधन आहे, ते सगळं काढून घेतलं तर झाड साठवलेल्यावर जगतं अन् घाईघाईत कसेबसे फुटवे काढतं. शेंडा मारलेल्या झाडाला जे झाडूसारखे कोंब येतात ते हेच, ते खोडात रुजलेले नसतात, सालीच्या कडेला नुसते चिकटलेले असतात, दोन-तीन वर्षांनी जड झाले की वाऱ्याला तुटतात. म्हणजे उंची कमी करायला गेलो अन् झाड जास्त धोकादायक करून ठेवलं.

बारीक काडी कापताना बाहेरच्या दिशेला तोंड असलेला डोळा शोधा अन् त्याच्या पाव इंच वर, जरा तिरपा काप द्या. नवीन फूट डोळ्याच्या दिशेने जाते, म्हणून बाहेरचा डोळा ठेवला की झाड मधून मोकळं राहतं.

अख्खी फांदी काढायची असेल तर हे नीट वाचा, सगळ्या लेखात मला हेच जास्त महत्त्वाचं वाटतं. फांदी जिथं खोडाला मिळते तिथं एक फुगीर कडं असतं, सालीच्या सुरकुत्या दिसतात. ते कडं खोडाचं आहे, फांदीचं नाही, अन् जखम झाकायचं काम तेच करतं. काप कड्याच्या अगदी बाहेरून द्यायचा. खोडाला चिकटून सपाट कापलं तर कडं जातं अन् जखम उघडी राहते, अन् वीतभर खुंट ठेवला तर खुंट वाळतो अन् सड त्यातून आत चालत जाते. अमेरिकेच्या वनखात्यातले ॲलेक्स शिगो यांनी आयुष्यभर हजारो झाडं उभी चिरून आत काय होतं ते पाहिलं अन् दाखवून दिलं की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही, झाड त्या भागाभोवती आतून भिंत घालतं अन् पुढं नवीन लाकूड वाढवतं. म्हणजे एकदा दिलेला काप त्याच्या पोटात कायम राहतो. म्हणून जागा अचूक पाहिजे.

मनगटाएवढी किंवा जास्त जाड फांदी एका कापात काढायची नाही, वजनाने ती खाली येताना खोडाची साल सोलून घेऊन जाते. तीन काप द्यायचे. खोडापासून फूटभर अंतरावर खालच्या बाजूने तिसऱ्या हिश्श्यापर्यंत पहिला काप. त्याच्या दोन बोटं बाहेर वरून दुसरा काप, फांदी इथं तुटून पडते. मग राहिलेला खुंट एका हाताने धरून कड्याच्या बाहेरून तिसरा काप. फांदी मोठी असेल तर दोरी बांधून हळूहळू खाली सोडा, अन् खाली कुणी उभं नाही हे दोनदा बघा. शिडीवरून खांद्याच्या वर करवत चालवावी लागत असेल तर ते काम जाणकार माणसाचं.

मलम लावायचं का

डाळिंब-द्राक्षाच्या भागातले आपण, प्रत्येक कापावर बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मलम, लावायची सवय. खरं सांगायचं तर कोरड्या हवेत नीट जागी दिलेल्या कापाला काही लावलं नाही तरी चालतं, अन् डांबर, ऑइल पेंट वगैरे तर नकोच, त्याखाली ओल कोंडते. पण जून-जुलैत कापलं अन् काप अंगठ्यापेक्षा जाड असेल तर मी बोर्डो लावते. घरच्यापुरतं करायचं तर १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यात वेगवेगळं, चुना थंड झाला की एकत्र ओतून ढवळायचं. लोखंडाचं भांडं वापरू नका. लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून बघा, तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, अजून घाला. त्याच दिवशी वापरून संपवा.

फेब्रुवारीत छाटल्यामुळे जी खोडं-फांद्या पहिल्यांदाच उन्हात आल्या असतील त्यांना पश्चिमेच्या अन् दक्षिणेच्या बाजूने पातळ चुना फासा, ऊन परत फेकलं जातं. रस्त्याकडेच्या झाडांना गेरू-चुना लावलेला दिसतो त्याने खोडाला हाच आधार मिळतो.

पाणी अन् पाला

छाटल्यावर लगेच युरिया देऊ नका, नुसती लुसलुशीत वाढ होते अन् मावा लागतो. आळं करा, बुंध्यापासून जरा लांब, अन् त्यात निघालेलाच पाला बारीक करून चार बोटं जाड पसरा. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पाला असला की त्या कमी पडतात अन् पाणी टिकतं. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा रोज तांब्याभर घालण्यापेक्षा आठवड्यातून एकदा पोटभर घाला, भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी पण चालतं. पाला जाळू नका, धगीने वरची कोवळी पानं पण होरपळतात.

परवानगी

झाड आपल्या अंगणात आहे म्हणून ते तोडायला आपण मोकळे नसतो. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन कायदा आहे, अन् त्यात झाड तोडणे याची व्याख्या मोठी आहे, कापणं, जाळणं, कसंही नुकसान करणं सगळं त्यात बसतं. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळं संरक्षण मिळालंय. काड्या-वाळकं काढायला कुणी अडवत नाही, पण मोठ्या फांद्या काढायच्या असतील किंवा झाड रस्त्यावर असेल तर महापालिकेच्या उद्यान विभागात आधी अर्ज द्या, सोबत झाडाचा फोटो अन् कुठली फांदी ते खडूने खूण करून दाखवा.

छाटल्यानंतरचे तीन महिने

काम इथं संपत नाही, बरेच जण इथंच सोडून देतात. फेब्रुवारीत छाटलेल्या झाडाला एप्रिलपर्यंत अन् जुलैत छाटलेल्याला ऑगस्टमध्ये कापाच्या आसपास कोंबांचा गुच्छ येतो. ते वीतभर व्हायच्या आत बघा, बाहेरच्या दिशेला जाणारे, एकमेकांपासून लांब असलेले दोन ठेवा, बाकीचे अंगठ्याने खरवडून टाका, कोवळे असताना कात्री पण लागत नाही. खोडावर बारीक भोक अन् खाली भुसा दिसला तर खोडकिडा आहे, तार घालून काढा अन् भोक मातीने लिंपून घ्या. चाफ्याच्या पानामागे पावसाळ्यात केशरी पूड दिसली तर तो तांबेरा, ती पानं गोळा करून कचऱ्यात टाका, आळ्यात नको. अन् मोबाईलमध्ये त्याच जागेवरून फोटो काढत राहा, पुढच्या संक्रांतीला कुठली फांदी घ्यायची ते त्यातच दिसतं.